गाडीची बॅटरी, तंबूतला टीव्ही आणि वर्ल्ड कपची फायनल

गाडीच्या बॅटरीवर टीव्ही चालतो, आणि व्यवस्थित चालतो. पण ज्या बॅटरीवर सकाळी गाडी चालू करायची आहे, तिच्यावर तो चालवू नये. हे मी भेटेल त्याला सांगत आलोय. गेल्या दिवाळीनंतर भंडारदऱ्याला जे पाहिलं, त्यावरून वाटलं की एकदा नीट लिहूनच काढावं.

मी एसटीच्या डेपोतला ऑटो इलेक्ट्रिशियन, आता निवृत्त. आमच्या सिन्नरकडच्या गावात लाइट असून नसल्यासारखी होती, त्या काळात पहिला टीव्ही पाहिला तोच मुळी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. चौदा इंची, काळा-पांढरा. त्या पोर्टेबल टीव्हींना मागे १२ व्होल्टची वेगळी पिन असायची. रविवारचा सिनेमा असला की ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणायची, लाल-काळे चिमटे लावायचे आणि अर्धा गाव अंगणात. पुढे एसटीत लागण्याआधी एका गॅरेजमध्ये खासगी बसगाड्यांना ‘व्हिडिओ कोच’ करून देण्याचं काम केलं. ड्रायव्हरच्या केबिनमागे वर लोखंडी खोका, त्यात रंगीत टीव्ही, शेजारी व्हीसीआर. पिक्चर ट्यूबचा टीव्ही ऐंशी-नव्वद वॅट खायचा, व्हीसीआर पंचवीस-तीस. बसच्या २४ व्होल्टवरून इन्व्हर्टर लावून त्याला २३० द्यायचे. आमच्या उस्तादांचा एकच नियम होता: इंजिन बंद तर सिनेमा बंद. ढाब्यावर गाडी थांबली की क्लीनर आधी टीव्हीचं बटण बंद करायचा, मग दार उघडायचा. प्रवासी कुरकुर करायचे, पण जेवून आल्यावर गाडी पहिल्या सेल्फला चालू व्हायची.

तो नियम आजही तितकाच खरा आहे, आणि त्याचं कारण बॅटरीच्या आत आहे. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात शिशाच्या पातळ, सच्छिद्र प्लेटा जास्त संख्येने असतात, म्हणजे आम्लाला भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि क्षणात मोठा करंट देता येतो. डिझेल गाडीचा सेल्फ दोनशे अँपिअरच्या वर ओढतो, पण दोन-तीन सेकंदच. हिशेब केला तर एका सेल्फला ०.१७ एएचच्या (अँपिअर-तासाच्या) आसपास खर्च येतो. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, तो लगेच भरून काढतो. म्हणजे या बॅटरीला कायम जवळजवळ भरलेलं राहायची सवय. आता तिच्यावर दोन अँपिअरचा टीव्ही लावा: एका तासात दोन एएच गेले, म्हणजे दहा-बारा सेल्फ मारल्याइतके, आणि भरून काढणारं कुणी नाही. स्टार्टर बॅटरी शंभर मीटर धावणारी आहे. टीव्हीला लागते ती पंढरपूरपर्यंत चालणारी. एकीचं काम दुसरीला दिलं की प्लेटांवरचा मसाला सुटून तळाशी बसायला लागतो, सल्फेट धरतं, आणि तीन-चार वर्षं टिकणारी बॅटरी दीड वर्षात बसते.

लोक म्हणतात, ‘पण माझी बॅटरी ६५ एएचची आहे, टीव्ही खाणार वीस. मग काय हरकत?’ हरकत अशी की ६५ हा आकडा नव्या बॅटरीचा. तीन वर्षं जुनी झाली की खरी कपॅसिटी पंचेचाळीसवर आलेली असते. शहरात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारून ती भरलेली असते ऐंशी टक्के. म्हणजे हातात आले छत्तीस. त्यातले वीस रात्री टीव्हीने घेतले, की पहाटेच्या गारठ्यात सेल्फ आणि डिझेल इंजिन आतून गरम करणारे ग्लो प्लग यांच्यासाठी सोळा उरले, आणि अर्ध्याखालच्या बॅटरीचा व्होल्टेज सेल्फच्या लोडला टिकत नाही. सोळा एएच शिल्लक असूनही गाडी नुसती टकटक करते.

बॅटरी किती भरली आहे हे पाहायला महागडं काही लागत नाही. साधा मल्टीमीटर घ्या. गाडी बंद करून दोन-तीन तास होऊ द्या, काही लोड नको, आणि टर्मिनलवर मोजा. १२.७ आले तर पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ ला ती रिकामी समजायची. आता इन्व्हर्टरच्या खोक्यावर काय लिहिलेलं असतं ते वाचा: ‘लो बॅटरी अलार्म’ साडेदहाच्या आसपास. लोक निर्धास्त असतात की बॅटरी उतरली तर अलार्म वाजेल. तो वाजेपर्यंत गाडी चालू होण्याची शक्यता कधीच गेलेली असते. तो अलार्म इन्व्हर्टरला वाचवायला आहे, तुमच्या सकाळच्या सेल्फसाठी नाही. हे एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी मला पुरे.

माझ्या बोलेरोत मी काय केलंय ते सांगतो.

मागच्या सीटच्या बाजूला वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे. १२.८ व्होल्ट, ३० एएच, म्हणजे ३८४ वॅट-तास. वजन चार किलोच्या आत-बाहेर. तेवढ्याच ताकदीची शिशाची घेतली असती तर कितीतरी जड झाली असती, कारण शिशाच्या बॅटरीतून अर्ध्याहून जास्त काढू नये आणि लिथियममधून नव्वद टक्के निर्धास्त काढता येतं. ही बॅटरी गाडी चालत असताना अल्टरनेटरवरून भरते, पण थेट नाही, मधे करंट आवरून धरणारा दहा अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे. नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा दोन तास, तेवढ्यात वीस एएच आत येतात; बाकीचं निघण्याआधी घरी चार्जरवर भरून घेतो. थेट जोडून चालत नाही, कारण रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून वाटेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. इंजिन बंद झालं की हा चार्जर आपोआप बंद होतो. मग टीव्हीचा आणि सेल्फचा काही संबंधच राहत नाही.

टीव्ही चोवीस इंची एलईडी. तो घेताना मी दुकानात सगळ्यांची पाठ पाहिली. बऱ्याच छोट्या टीव्हींना बाहेरचा अडॅप्टर असतो आणि त्याच्यावर लिहिलेलं असतं: १२ व्होल्ट, ३ अँपिअर. असा टीव्ही मिळाला तर इन्व्हर्टरची गरजच नाही. नाहीतर आपण काय करतो? १२ व्होल्टचे २३० करतो, त्यात दहा-पंधरा टक्के उष्णतेत घालवतो, आणि टीव्हीच्या आतला पॉवर सप्लाय त्या २३० चे परत १२ करतो. शिवाय इन्व्हर्टर काही न चालवताही पाच-सात वॅट खात बसतो. बत्तीस इंचाच्या वरचे बहुतेक टीव्ही थेट २३० चेच असतात, तिथे इलाज नाही; तिथे घरच्या लाइटसारखी स्वच्छ लहर देणारा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, स्वस्तातला ‘मॉडिफाइड’ घेतला तर टीव्ही चालेल पण स्पीकरमधून गुरगुर ऐकू येईल.

थेट १२ म्हटलं तरी टीव्हीची पिन बॅटरीला तशीच जोडायची नाही. ‘१२ व्होल्टची बॅटरी’ हे नुसतं नाव आहे. इंजिन चालू असताना तिथे १४.४ असतात, उतरत्या बॅटरीवर लोड असताना साडेअकरा. टीव्हीच्या बोर्डाला नेमके बारा हवे असतात. साडेअकराला काही टीव्ही स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतात आणि चवदाच्या वर आतला एखादा कपॅसिटर फुगतो. म्हणून मधे छोटा कन्व्हर्टर: आत नऊ ते वीस कितीही येऊ दे, बाहेर बाराच. आगपेटीहून थोडा मोठा, ॲल्युमिनियमच्या खोक्यात, अंगावर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या असलेला. पाच अँपिअरचा घ्या, तीनचा नको, कारण टीव्ही चालू होतानाचा पहिला झटका मोठा असतो. पिन साडेपाच मिलिमीटरची असते पण आतलं भोक कधी २.१ तर कधी २.५ असतं, ढिली बसली तर तेवढ्यावरून टीव्ही फडफडतो. आणि जोडण्याआधी मल्टीमीटरने पाहायचं की मधला कोअर पॉझिटिव्ह आहे ना. अडॅप्टरवर त्याची खूण छापलेली असते: मधे टिंब, भोवती अर्धगोल, दोन्हींकडे अधिक-उणे.

वायरबद्दल लोक फार बेफिकीर असतात. घरच्या २३० ला जी वायर चालते ती १२ ला चालत नाही. पाच मीटर अंतर धरा, जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. एक स्क्वेअर एमएमच्या वायरला तीन अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. अडीच स्क्वेअर एमएम घेतली की तोच तोटा ०.२ वर येतो. दोनशे तीस व्होल्ट वाहायच्या ठिकाणी अर्धा व्होल्ट म्हणजे काहीच नाही, पण बाराच वाहायचे तिथे तो फार. आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ हवा, वीतभर अंतराच्या आत. टीव्हीजवळ बसवलेला फ्यूज टीव्हीला सांभाळेल, पण मधली वायर दारात चेपली, तिचं इन्सुलेशन कापलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर त्यात ओतेल आणि त्याला आडवा कोणी नाही. वायर लालबुंद होऊन गाडीच्या मॅटला लागलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. साडेसात अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि त्याचा होल्डर, दोन्ही मिळून चहा-भज्यांच्या पैशांत येतात.

आता भंडारदरा. २ नोव्हेंबर २०२५, रविवार. महिला वर्ल्ड कपची फायनल, भारत आणि दक्षिण आफ्रिका, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. माझी नात क्रिकेट खेळते, ऑफ स्पिन टाकते. तिला या मॅचचा एकेक चेंडू पाहायचा होता, आणि सुट्टीतला कॅम्पही सोडायचा नव्हता. गुरुवारी सेमी फायनलला जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या आणि ३३९ चं लक्ष्य गाठलं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. ‘आबा, टीव्ही न्यायचाच,’ असं तिने सांगितलं. काही लोक म्हणतात, निसर्गात जाऊन टीव्ही कशाला? माझं मत वेगळं आहे. रोज तेच करावं असं नाही, पण सगळं घर एका चटईवर बसून अशी मॅच पाहतं, तो कॅम्प नातीच्या कायम लक्षात राहणार आहे.

मी कागदावर हिशेब मांडला. टीव्ही कन्व्हर्टरसह २६ वॅट, स्ट्रीमिंगची काडी ३, हॉटस्पॉटवाला मोबाइल चार्जिंगला ६. झाले ३५. तंबूतला दिवा ५ वॅटचा, पाच तास, म्हणजे २५ वॅट-तास. मॅच तीनला सुरू, साडेदहाला संपणार; साडेसात तासांचे २६२, दिव्याचे २५, एकूण २८७. बॅटरीतून काढता येतात ३४५. पन्नासच्या वर शिल्लक. झालं तर.

शेंडीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या वावरात दरवेळी उतरतो. त्या बाजूला नेटवर्क मिळतं, रतनवाडीकडे आत गेलं की ते कमी होत जातं, म्हणून ही जागा. तंबू लावले, समोर विल्सन डॅमचं पाणी, पलीकडे डोंगर ढगात. पावणेतीनला टीव्ही लावला, आणि कळलं की नवी मुंबईत पाऊस. मैदानावर कव्हर्स. नातीचा चेहरा उतरला आणि माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले: मॅच दीड तास पुढे गेली तरी बारा वाजणार. आत्तापासून सलग लावून ठेवला तर सव्वानऊ तास, म्हणजे दिव्यासकट जवळजवळ ३५०. बॅटरीच्या ३४५ च्या पुढे. आणि शेवटचे पाच वॅट-तास म्हणजे शेवटची षटकं.

मी टीव्ही बंद केला. मोबाइलवर फक्त स्कोअर पाहत राहिलो. पाचला मॅच सुरू होणार हे नक्की झाल्यावर परत लावला. तोवर चुलीवर पिठलं चढलं होतं.

लिथियम बॅटरीचं एक असतं: तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत हलतच नाही. निम्मी झाली तरी तेरा दाखवते, पाव उरली तरी पावणेतेराच्या खाली सहसा जात नाही, आणि मग एकदम खाली येते. त्यामुळे व्होल्टमीटर बघून काही कळत नाही. म्हणून निगेटिव्ह वायरमध्ये शंट (करंट मोजायची पट्टी) घालून एक छोटा मीटर बसवला आहे. किती एएच आत आले, किती गेले, ते तो मोजतो. नात त्या मीटरसमोर मांडी घालून बसली. एक डोळा स्मृती आणि शफालीवर, एक डोळा त्या हिरव्या आकड्यांवर. दोघींनी शंभराची सलामी दिली तेव्हा मीटरवर साडेतीन-चार एएच गेले होते. अंधार पडल्यावर मी तिला रिमोट दिला आणि म्हटलं, मेनूत जाऊन बॅकलाइट कमी कर. शंभरवरून चाळीसवर आणला. मीटरवर टीव्हीचा वाटा २.० वरून १.४ अँपिअरवर उतरला. अंधारात चित्र उलट जास्त चांगलं दिसायला लागलं, डोळ्यांवर येईना. एलईडी टीव्हीत मुख्य खर्च त्या मागच्या दिव्यांचाच असतो. उरलेला बोर्ड फार कमी खातो. आवाज कमी करून विजेची बचत जवळजवळ काहीच होत नाही, हे तिने स्वतः करून पाहिलं.

आवाज मात्र वेगळ्या कारणाने कमी ठेवायचा. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानेही बंदी आहे, आणि कायदा नसता तरी शेजारच्या तंबूतल्या माणसाने आपली मॅच का ऐकावी? टीव्ही आम्ही मोठ्या तंबूच्या आत ठेवला होता, दाराच्या जाळीची चेन लावून, कारण पाण्याकाठी उजेड दिसला की किडे थव्याने पडद्यावर येतात. वर आडवी चादर होती, दव पडू नये म्हणून. नोव्हेंबरात तिथे रात्री इतकं दव पडतं की सकाळी तंबू पिळून काढावा. टीव्ही ओला झाला असेल तर पुसून, ऊन दाखवूनच लावावा.

भारताच्या २९८ झाल्या. शफाली ८७, दीप्ती ५८. मधल्या वेळात भाकरी खाल्ल्या. शेतकऱ्याच्या घरातल्या बायका भांडी आवरून आल्या आणि चटईवर बसल्या. त्यांची थोरली सून बराच वेळ मॅचऐवजी वायरीकडे पाहत होती. शेवटी विचारलं, “काका, लाइन तर कुठंच न्हाई. चाललाय कशावर?” मी तिला बॅटरी दाखवली, मीटर दाखवला. ती म्हणाली, “आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालंल का असा? पावसात लाइन गेली की दोन-दोन दिवस येत न्हाई.” मला फार बरं वाटलं त्या प्रश्नाने. मी म्हटलं, चालेल, पण ट्रॅक्टरची बॅटरीसुद्धा सेल्फचीच आहे. ऐन नांगरणीला ट्रॅक्टर उभा राहील. त्यापेक्षा बारा एएचची छोटी लिथियम घ्या आणि घराच्या पत्र्यावर पन्नास वॅटचं पॅनल टाका. छोटा टीव्ही तीन-चार तास, दोन दिवे आणि मोबाइल, एवढं निघेल. पावसाळ्यात पॅनल निम्मंही देत नाही, तेव्हा टीव्ही कमी आणि दिवे जास्त, असा हिशेब ठेवा. तिने माझ्याच पेनाने तळहातावर आकडे लिहून घेतले.

तिकडे दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट उभी राहिली होती. तिच्या शंभर झाल्या तेव्हा तंबूत कोणी बोलत नव्हतं. मग उंच उडालेला झेल अमनज्योतच्या हातातून एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला आणि अखेर तिने धरला, तेव्हा नातीने अशी उडी मारली की तंबूचा खांब हलला. मी मीटर पाहिला: सतरा एएच गेलेले. शेवटी हरमनप्रीतने मागे पळत जाऊन झेल घेतला, दीप्तीचा पाचवा बळी, भारत ५२ धावांनी जिंकला. महिला संघाचा पहिला वर्ल्ड कप. बारा वाजून गेले होते. आम्ही कप उचलताना पाहिला, खेळाडूंचे डोळे भरलेले पाहिले, घरातल्या तिन्ही पिढ्यांचेही भरले. सौ. मला म्हणाली, “अहो, बंद करू नका इतक्यात.” मीटरकडे बघून मी म्हटलं, अजून दोन तास तरी चालेल, बघा निवांत.

सकाळी पलीकडच्या वावरातून टकटक ऐकू आली. तो आवाज मी झोपेतही ओळखतो: सेल्फला करंट जोडणारा सोलेनॉइड ओढतो आणि सोडतो, सेल्फ फिरत नाही. पुण्याचं कुटुंब, नवी डिझेल एसयूव्ही, ऑटोमॅटिक. त्यांनी घरचा त्रेचाळीस इंची टीव्ही आणला होता आणि बॉनेट उघडून इन्व्हर्टरचे चिमटे थेट बॅटरीला लावून सगळी मॅच पाहिली होती. इन्व्हर्टरसकट शंभर वॅट धरले तर आठ अँपिअर, सात तासांचे झाले पन्नासच्या वर. बॅटरी सत्तरची. मी मीटर लावला, ११.६. गृहस्थ बिचारे म्हणत होते, अलार्म तर वाजलाच नाही. कसा वाजेल?

अशा गाडीला धक्का मारून उपयोग नाही. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालूच होत नाही, आणि आजच्या डिझेलला इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उठवायलाच नीट व्होल्टेज लागतो. मी जंपर केबल काढल्या. क्रम महत्त्वाचा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग लालचं दुसरं टोक चांगल्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळा चांगल्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि काळ्याचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी पडतेच, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो. माझं इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, मग त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. चालू झाली. त्यांना एवढंच बजावलं की वाटेत चहाला थांबलात तरी बंद करू नका, आणि घरी गेल्यावर बॅटरी काढून रात्रभर चार्जरवर लावा. अल्टरनेटर चार तासांच्या प्रवासात इतकी उतरलेली शिशाची बॅटरी पूर्ण भरत नाही.

त्यांनी विचारलं, मग अधूनमधून इंजिन चालू ठेवलं असतं तर? मी स्पष्ट नाही म्हटलं. उभ्या गाडीत इंजिन चालवलं तर अल्टरनेटर कमी फिरतो, डिझेल जळतं, आणि धूर तंबूंकडे जातो. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तंबूशेजारी इंजिन किंवा जनरेटर चालवून झोपण्याचा विचारही कुणी करू नये.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांबद्दल त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो. अनेक नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर काडेपेटीएवढा सेन्सर असतो. बॅटरीत किती गेलं-आलं ते तो मोजतो आणि त्यावर अल्टरनेटर किती चार्ज करायचं ते ठरवतो. तुम्ही चार्जरची किंवा कशाचीही काळी वायर थेट त्या टर्मिनलच्या खिळ्यावर लावली तर सेन्सरला ते दिसत नाही, त्याचा हिशेब चुकतो. काळी वायर चासीच्या अर्थ पॉइंटला लावा. आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून मोठा इन्व्हर्टर चालवू नका. त्याचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा असतो आणि तासन्‌तास तेवढा करंट गेला तर प्लगचं प्लॅस्टिक वितळतं. छोट्या १२ व्होल्टच्या टीव्हीला मात्र ते सॉकेट पुरतं.

शेवटी मिनीबस आणि ट्रकवाल्यांसाठी, कारण देवदर्शनाच्या गाड्यांत हे सर्रास पाहतो. २४ व्होल्टच्या गाडीत दोन १२ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. पुष्कळजण टीव्हीसाठी त्यातल्या एकीवरूनच १२ काढतात. ती एक रोज उतरते, दुसरी भरलेली राहते, आणि अल्टरनेटरला दोघी मिळून २८ दिसले की तो समाधानी. प्रत्यक्षात एकीवर तेरा आणि दुसरीवर पंधरा. पंधरावाली उकळते, पाणी आटतं; तेरावाली उपाशी राहते. काही महिन्यांत दोन्ही जातात. डेपोत अशा जोड्या मी किती बदलल्या असतील. दोन्ही बॅटऱ्यांवरून २४ घ्या, २४ ते १२ चा दहा अँपिअरचा कन्व्हर्टर लावा, आत फ्यूज, बाहेर फ्यूज, आणि चावीवर चालणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) घाला, म्हणजे चावी बंद झाली की टीव्हीही बंद होईल.